मे महिन्यातली पिवळी मुलं

रेक्याविक, २२ मे

लाडक्या मावशी,

तू पाठवलेलं धुरावलेलं मटण काल पोचलं. पोस्टातल्या मुलीने खोकं दोन बोटांनी माझ्यापुढे सरकवलं आणि विचारलं, आत नक्की काय आहे. मी म्हटलं, माझी मावशी. तिला ते पटलेलं दिसलं. संध्याकाळी शेजारचा माणूस काही जळतंय का म्हणून दार वाजवून गेला, त्यालाही एक तुकडा दिला, आता तो रोज वाजवेल.

तुला पडद्यावरचं वाचायला आवडत नाही, म्हणून हाताने लिहितेय. अक्षराला हसू नकोस. तू दर वेळी विचारतेस ना, दिवसभर संगणकापुढे बसून पगार कसला घेतेस, तर एकदाच नीट सांगते. एखाद्या मुलाबद्दल थोडं शाळेला ठाऊक असतं, थोडं दवाखान्याला, थोडं नगरपालिकेला. तिघंही आपापल्या खणात कुलूप लावून बसतात. मूल मधल्या फटीतून खाली जातं आणि मग सगळे म्हणतात, अरेरे, आम्हाला काय माहीत. आमचं काम ते खण जोडायचं. सगळं ठीक असेल तर मुलाच्या आकड्यापुढे हिरवा रंग येतो. कुणीतरी चौकशी करायला हवी असेल तर पिवळा. लगेच धावायला हवं असेल तर लाल. मला नावं दिसत नाहीत, नुसते आकडे दिसतात, आणि ते तसंच असायला हवं.

आता गंमत ऐक. तुमचं खोरं दर वर्षी मे महिन्यात पिवळं होतं. एखाददुसरं मूल नाही, अख्खं खोरं. मुलं शाळेत येत नाहीत, आली तर बाकावर झोपतात, हातांवर ओरखडे, दंडावर काळेनिळे डाग. माझ्या शेजारी बसणाऱ्याचं ठाम मत आहे की तिथल्या आईबापांचं डोकं फिरलंय. मी गप्प बसले, कारण मला मे महिना ठाऊकच नाही. मी यायचे ती शाळा सुटल्यावर, जूनमध्ये. मग ओरमुरकाकांच्या आयदिसबरोबर त्यांच्या म्हाताऱ्या घोडीवर बसून हाम्रारला, त्यांच्या शेताच्या माळावर हिंडायचं, एवढंच.

तेव्हा तूच सांग. मे महिन्यात तुम्ही पोरांचं करता तरी काय?

तुझीच,
हुग्रुन


२९ मे

हुग्रुन पोरी,

पत्र शाळेच्या स्वयंपाकघरात वाचलं आणि इतकी हसले की माशाचं कालवण उतू गेलं. मुलांना ते तसंच वाढलं. तुझ्या यंत्रात तेही येईल बहुतेक.

अगं वेडे, मे महिन्यात मेंढ्या वितात. सगळ्या एकदम. दोन-तीन आठवडे खोऱ्यात कुणी धड झोपत नाही, कुणी धड जेवत नाही. कोकरू आडवं आलं तर आत हात घालून सरळ करावं लागतं, आणि त्याला लहान हात लागतो. मोठ्या माणसाचा पंजा जातो कुठे? पहिल्यांदा व्यालेली मेंढी लाथा मारते, त्याचे ते डाग. मुख्याध्यापक स्वतःच सुटी देतात, कारण त्यांच्याही दोनशे मेंढ्या आहेत. त्या शेजारी बसणाऱ्याला इकडे पाठव. दोन दिवस मेंढवाड्यात ठेवते त्याला, आईबापांचं डोकं कुठे आहे ते समजेल.

आणि मला शिकवू नकोस. गेल्या हिवाळ्यापासून तुमच्या त्या खणांची एक किल्ली माझ्याकडेच आहे. प्रत्येक शाळेत मुलांसाठी एक संपर्काचं माणूस हवं असा फतवा आला. शिक्षक म्हणाले, मुलं सगळं काही सालोमेलाच सांगतात, बटाटे सोलता सोलता, तर तिलाच करा. त्यामुळे दर महिन्याला मी एप्रन काढून संगणकापुढे बसते आणि एकेका पोरासमोर लिहिते, ठीक आहे. ठीकच आहेत सगळी.

हाम्रारला उत्तम चाललंय. आयदिस गेली त्याला आता तीन वर्षं होतील. ओरमुर म्हातारा झालाय, पण ताठ आहे. तिची बेरा अकरा वर्षांची झाली. आजोबांच्या पुढे पुढे चालते, फाटक उघडते, पायरी आली की सांगते, अगदी आईवर गेलीय. यंदा जुळी कोकरं तिने एकटीने काढली. दर गुरुवारी मी त्यांचं सामान पोचवते आणि कॉफी पिऊन येते. दोघांनाही तुझी आठवण आहे.

मोजे विणतेय तुझ्यासाठी. पायाचं माप वाढलं नसेल असं धरून चालते.

मावशी


रेक्याविक, १४ जून

मावशी,

तुझं पत्र मी सगळ्यांना वाचून दाखवलं, कालवणासकट. शेजारी बसणारा कानापर्यंत लाल झाला. आमची प्रमुख म्हणाली, हे आपल्याला कुणी आधी का नाही सांगितलं? मग आम्ही बसून नियम केला: मेंढ्यांच्या खोऱ्यांत मे महिन्यातली गैरहजेरी आणि खरचटणं मोजायचं नाही. सगळे त्याला मावशीचा नियम म्हणतात. तू इथे प्रसिद्ध आहेस.

नियम लावला आणि तुमचं खोरं हिरवंगार झालं. फक्त एक आकडा हट्टाने पिवळा राहिला. कोण ते मला ठाऊक नाही आणि तू मला सांगायचंही नाहीस. पण त्या मुलाची गैरहजेरी फेब्रुवारीतही आहे, चांगली भरपूर. सकाळचे तास तर कायमच बुडालेले. म्हणून विचारते, फेब्रुवारीतही मेंढ्यांचं काही असतं का?

ऑगस्टमध्ये चार दिवस सुटी घेतेय. तुझ्याकडे येते. हाम्रारला जायचंय, ओरमुरकाकांच्या घोडीचं नातवंड तरी बघू दे.

हुग्रुन


३ जुलै

पोरी,

फेब्रुवारीत असतं तर. तेव्हा पोटं मोजणारा येतो. गाडीला यंत्र जोडून सगळ्या खोऱ्यात फिरतो, एकेक मेंढी त्याच्यापुढून न्यायची. तो छोट्या पडद्यावर बघतो, आत कोकरू एक आहे की दोन की तीन, आणि त्याप्रमाणे तिच्या पाठीवर रंगाचा पट्टा ओढतो. तू मला यंत्रांची वैरीण समजतेस ना, पण त्या यंत्रापुढे मी टोपी काढते. तिळं असलेल्या मेंढीला जास्त चारा घालता येतो. पूर्वी ती इतरांसारखंच खायची आणि वितानाच मरायची. मुलांना ते बघायचं असतं, धरायला हातही लागतात. म्हणून राहतात घरी.

सकाळचं म्हणशील तर आमचे रस्ते तुला ठाऊक आहेत. बर्फ पडलं की शाळेची गाडी उशिरा येते, कधी येतच नाही.

ऑगस्टचं मात्र जमायचं नाही गं. पाहुण्यांची खोली रंगवायला काढलीय आणि माझा गुडघा फारच कुरकुरतो. ओरमुरलाही गवत कापायची घाई आहे, त्याच्याकडे कुणी गेलेलं त्याला आवडायचं नाही. पुढच्या वर्षी ये. मोजे पाठवते.

मावशी


रेक्याविक, १६ सप्टेंबर

मावशी,

मोजे एका पायाला घट्ट आहेत. कुठल्या ते सांगत नाही, तू दोन्ही उसवशील.

खरं सांगायचं तर आले असते तर बरं वाटलं असतं. मी रंगाच्या डब्यांत झोपले असते. तू कधी कुणाला ये म्हणायचं थांबत नाहीस, म्हणून दोन दिवस मनात रुखरुख राहिली, मग म्हटलं गुडघा दुखत असेल.

तुझं फेब्रुवारीचं उत्तर आम्ही नियमात घातलं. सकाळच्या तासांचंही. शेवटचा पिवळा आकडा आता हिरवा आहे. आमच्या प्रमुखबाई म्हणाल्या, बघ, अर्धं काम एका स्वयंपाकिणीने केलं.

गुडघ्याची शस्त्रक्रिया पुढच्या आठवड्यात ना, तू फोनवर म्हणाली होतीस? आकुरेरीच्या दवाखान्यात किती दिवस ठेवतील? तुझ्या गुरुवारच्या फेऱ्या कोण करणार? निदान एवढं तरी कळव.

हुग्रुन


आकुरेरी, दवाखाना, ११ ऑक्टोबर

हुग्रुन,

तू विचारलं होतंस, गुरुवारच्या फेऱ्या कोण करणार. कुणीच नाही. मी कुणाला सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर विचारलं असतं, ओरमुर स्वतः का जात नाही.

ओरमुरला दिसत नाही, पोरी. गेल्या हिवाळ्यापासून. उजेड कळतो, माणूस उभा आहे एवढं कळतं, बाकी सगळं दुधात बुडालेलं. सकाळी मेंढ्यांना चारा बेरा घालते, म्हणून शाळेची गाडी चुकते. फेब्रुवारीत तो बर्फावर पडला आणि तीन आठवडे अंथरुणात होता, तेव्हा सगळंच तिने केलं. पोटं मोजणारा एका दुपारी येऊन गेला, बाकीचे दिवस मी तुला ढकलून दिलेत. मला सगळं ठाऊक होतं. गुरुवारी सामान नेता नेता मी चूलही आवरायचे, कपडेही धुवायचे आणि महिनाअखेरीला एप्रन काढून लिहायचे, ठीक आहे.

मी इथे येऊन पडले. तिथे घरातलं संपत आलं. मंगळवारी पहिलं बर्फ पडलं. बेराने आजोबांना जुन्या जीपमध्ये बसवलं आणि स्वतः चालवायला बसली. तिच्या पाठीमागे दोन उशा होत्या म्हणे. वळणावर गाडी घसरून ओढ्यात गेली. टपालगाडीवाल्याला दिसली नसती तर पुढचं मला लिहवत नाही.

ओरमुरला खरचटलं फक्त. बेराचं गळपट्टीचं हाड मोडलंय. ती माझ्याच खाली, एक मजला सोडून आहे. काल मला चाकाच्या खुर्चीतून खाली नेलं. मला बघून रडली नाही. म्हणाली, मेंढ्यांकडे कोण आहे? शेजारी आहेत, सांगितलं. मग म्हणाली, तू कुणाला काही सांगितलं नाहीस ना?

आता तिला नेतील, हुग्रुन. दक्षिणेकडे कुठेतरी, अनोळखी घरात. तुझ्या त्या रंगांतून काहीतरी कर. ती पोर हाम्रार सोडून जगायची नाही आणि तिच्यावाचून ओरमुर तर नाहीच.

सालोमे


रेक्याविक, १४ ऑक्टोबर

मावशी,

तुझं पत्र वाचून मी आधी रडले, मग तुझ्यावर इतकी चिडले की भांडी घासायला घेतली. सगळी घासून झाली तरी राग उरला. आता लिहिते.

मला फसवलंस याचं वाईट वाटतंय, पण ते आपण नंतर बघू. जास्त वाईट याचं वाटतंय की फसणं किती सोपं होतं. ते मूल ओरडून सांगत होतं. वर्षभर आमच्या पडद्यावर पिवळं होऊन उभं होतं. तू कारण दिलंस आणि मी खुशीत येऊन ते पुसलं. माझ्या हातांनी बेराला हिरवं केलं. आयदिसच्या पोरीला.

तू म्हणतेस, रंगांतून काहीतरी कर. मला करता येत नाही आणि आलं तरी करायचं नाही. तू नाव कळवलंस, त्यामुळे मी आजच त्या खोऱ्याचं काम दुसऱ्याकडे दिलं. ओळखीच्या माणसाने गुपचूप हात फिरवायचा नाही. तो तू फिरवलास, बघ काय झालं.

पण करता तुला येतं. संपर्काचं माणूस तू आहेस. तू खरं लिहिलंस की शाळा, दवाखाना आणि नगरपालिका एका टेबलाशी बसतात, आणि तू व ओरमुरकाकाही बसता. बेरासुद्धा. कुणाला उचलून न्यायला नाही, काय लागेल ते ठरवायला. मी खात्री देऊ शकत नाही. पण न लिहिण्याचा निकाल आपण दोघींनी पाहिलाय.

तूच मला लिहिलं होतंस, पोटं मोजणाऱ्यापुढे तू टोपी काढतेस. का गं? तो मेंढीच्या पोटात डोकावतो, तिच्या पाठीवर सगळ्यांना दिसेल असा रंग ओढतो. तुला त्यात काही वावगं वाटत नाही, कारण ज्या मेंढीला ओझं जास्त तिला चारा जास्त मिळतो. मावशी, मला एवढंच करायचंय. त्यापेक्षा एक काडीही जास्त नाही. हाम्रारच्या गोठ्यात रंगवलेल्या मेंढ्या होत्या आणि त्यांना चारा घालणाऱ्या पोरीच्या पाठीवर काहीच नव्हतं.

लिही. आज लिही. परिचारिकेकडून संगणक मागून घे, तो चावत नाही.

गुडघ्याची काळजी घे. माझं तुझ्यावर प्रेम आहे, हे रागात लिहितेय म्हणून जास्त खरं समज.

हुग्रुन


१८ नोव्हेंबर

माझ्या हुग्रुन,

लिहिलं त्याच दिवशी. आडवी पडून, एका बोटाने. घरी येऊन आठवडा झाला, काठीने चालते. आधी मी एवढी का घाबरले ते सांगते, मग परवाचं.

माझी आजी, म्हणजे तुझी पणजी, सात वर्षांची असताना तिचे वडील बुडाले. तेव्हा खोऱ्यातली माणसं एका खोलीत जमायची. कुणाच्या घरी किती गायी, कोण पितं, कुणाची बायको आजारी, सगळ्यांना सगळं ठाऊक. तुमच्या संगणकाची गरजच नव्हती. पोरक्या पोराला सांभाळायचे पैसे गावकीच्या पेटीतून जायचे, म्हणून जो सगळ्यांत कमी मागेल त्याला पोर मिळायचं. अशी बोली लागायची. आजी आणि तिच्या दोन बहिणी एका दुपारी तीन शेतांवर गेल्या. आजी वासरांच्या शेजारी झोपायची. मरेपर्यंत ती कुणी कागद काढला की खोलीबाहेर जायची. मी तिच्या हाताखाली वाढले. माझ्या डोक्यात ते पक्कं बसलं होतं, की चार माणसं पोरीबद्दल बोलायला जमली की पोर गेलीच.

तर परवा जमलो. मीच म्हटलं, बैठक शाळेतल्या माझ्या स्वयंपाकघरात घ्या, निदान कॉफी बरी मिळेल. वर्गशिक्षक, आपल्या खोऱ्यातल्या दवाखान्यातली नर्स, नगरपालिकेकडून सिग्नी नावाची एक बाई, तुझ्याच वयाची, मोजे माझ्याहून वाईट विणलेले. ओरमुर चर्चला जायचा कोट घालून आला. बेरा त्याच्या शेजारी, हात गळ्यात बांधलेला.

आधी नर्स बोलली. ओरमुरला डोळ्यांसाठी तीनदा बोलावणं गेलं होतं म्हणे. तिन्ही वेळा फोनवरून नकार आला, म्हणून त्यांनी लिहून टाकलं, रुग्णाची इच्छा नाही. मग शिक्षक म्हणाले, आमच्याकडे शेतीची कामं असं लिहिलंय. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. दवाखाना शाळेच्या भिंतीला भिंत लावून आहे, हुग्रुन. रोज माझ्याकडेच एका टेबलावर जेवतात दोघं. ओरमुर म्हणाला, मला कुणी बोलावलं नाही. फोन त्याचा असतो बेराच्या खिशात. ती खाली बघत होती.

सिग्नीने ओरमुरला अगदी साधेपणाने विचारलं, तुम्हाला सगळ्यांत कशाचा त्रास होतो. मला वाटलं तो मेंढ्यांचं काहीतरी सांगेल.

तो म्हणाला, "बेराचा चेहरा दिसत नाही. आवाजावरून अंदाज करतो, हसतेय की नाही."

बेरा म्हणाली, "मी हसत नसले तरी हसल्यासारखं बोलते."

मी कपात कॉफी ओतत होते, ती बशीत गेली. मग बेराने सिग्नीकडे बघून, शहाण्या बाईसारखं, विचारलं, "बोली इथेच लागणार की दुसरीकडे?"

सिग्नीला काही कळेना. बोली कसली? पण मला कळलं. ही गोष्ट तिला मीच सांगितली होती. याच टेबलाशी, बटाटे सोलता सोलता, सगळ्या मुलांना. मी चांगली सांगते गोष्ट, तुला ठाऊक आहे. वासरांचा वाससुद्धा येतो. त्या पोरीने ती ऐकली आणि घरी जाऊन ठरवलं, की आजोबा दवाखान्यात गेले तर कुणाला तरी कळणार आणि आपली बोली लागणार. म्हणून तीन वेळा डॉक्टरांना सांगितलं, आजोबा मेंढवाड्यात आहेत, त्यांना यायचं नाही. मी इकडे तिला लपवत होते, ती तिकडे त्याला लपवत होती आणि दोघींना घाबरवणारी मीच.

मी काठी टाकून तिच्यासमोर खाली बसले, नव्या गुडघ्यावर, डॉक्टरांनी सक्त मनाई केलेली असताना. म्हटलं, बेरा, ती गोष्ट माझ्या आजीची आहे, तुझी नाही. तुझी बोली लागणार नाही. मग सिग्नीला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, डोळे पुसले आणि बेराला म्हणाली, आम्ही इथे तू कुठे जाणार ते ठरवायला आलो नाही, तुझ्याकडे कोण येणार ते ठरवायला आलोय.

ठरलं असं. सकाळचा चारा घालायला शेजारचा मोठा मुलगा येणार, नगरपालिका त्याला पगार देणार. अर्ध्या मेंढ्या विकायच्या, ओरमुरला ते फार लागलंय, पण मान हलवली. माझी गुरुवारची फेरी आता चोरून नाही, रीतसर आहे. मला बसून राहवलं नाही तर सोमवारीही जाईन. बेरा हाम्रारलाच राहणार. आणि डोळ्यांत मोतीबिंदू आहेत, पोरी. नुसते मोतीबिंदू. माझ्या गुडघ्यापेक्षा लहान काम. वर्षभर आम्ही ज्याला नशीब म्हणत होतो ते एका सकाळचं काम होतं.

जानेवारीत पहिला डोळा.

तुझ्यावर उलटी चिडणार होते त्या मेंढीच्या पट्ट्यावरून, पण वाक्य बरोबर होतं. माझ्या स्वयंपाकघरात लावून ठेवलंय, तुझ्या वाईट अक्षरात.

मावशी


रेक्याविक, ६ डिसेंबर

मावशी,

तुझं पत्र कामावर वाचायची चूक केली. शेजारी बसणाऱ्याने मला रुमाल दिला. माणूस वाईट नाही.

तू स्वतःला फार बोलू नकोस. पणजीची गोष्ट मुलांना सांगायलाच हवी. फक्त तिचा शेवट बदललाय, तोही सांगत जा.

मावशीचा नियम आम्ही काढून टाकला. आमच्या प्रमुखबाई म्हणत होत्या, मग मे महिन्यात पुन्हा अख्खं खोरं पिवळं होईल, किती फोन करायचे? मी म्हटलं, करायचे. फोनवर कुणी म्हणेल, अहो मेंढ्या वितायत, आणि हसेल. हसू दे. एखाद्या घरी कुणी हसणार नाही, तेव्हा जायचं. दोन बैठका भांडले, शेवटी मान्य झालं. आता कारण माहीत असलं तरी रंग पुसायचा नाही, आधी विचारायचं. या नियमाला अजून नाव नाही.

नाताळला येतेय. खोली रंगवून झाली असेल अशी आशा आहे.

हुग्रुन


हाम्रार, १९ मे

हुग्रुनताई,

नाताळात तुम्ही आलात तेव्हा म्हणालात, वाटलं तर पत्र लिही. सालोमेमावशी म्हणाली शाईने लिही, म्हणून शाईने लिहितेय. ती माझ्या शेजारी बसलीय पण मी तिला वाचू देत नाही.

आजोबांचे दोन्ही डोळे झाले. पहिला डोळा उघडला तेव्हा त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, तुझे वरचे सुळे केव्हा आले? मग म्हणाले, आईसारखी दिसतेस. आता मी खोटं हसले की त्यांना कळतं. त्यामुळे ते मी सोडून दिलंय.

मेंढ्या वितायत. आता कमी आहेत, तरी पुष्कळ आहेत. तुमच्या घोडीच्या नातवंडाने मला दोनदा पाडलं, म्हणून दंडावर डाग आहे. मी पाच दिवस शाळेत गेले नाही, सरांना सांगून. काल सिग्नीचा फोन आला. मला वाटलं मी काहीतरी चुकले. ती म्हणाली, नाही गं, तुझा रंग पिवळा झालाय म्हणून विचारते, ठीक आहेस ना? मी म्हटलं, मेंढ्या वितायत. ती हसली. मग तिने विचारलं, आणि तू? मी म्हटलं, दमलेय. खरंच दमले होते. ती आज दुपारी आली आणि मला चार तास झोपू दिलं. तिला मेंढी धरता येत नाही. आजोबांनी शिकवलं.

मावशी सांगते की तुमच्याकडे कुणी म्हणत होतं, मे महिन्यात आमचा रंग पुसून टाकावा. त्यांना सांगा, माझा नका पुसू.

बेरा